वांगी घ्यायला थांबलो आणि जेवून निघालो

धुळ्याहून जळगावला जाणारा रस्ता म्हणजे सुरत–नागपूर महामार्गाचा नव्वदेक किलोमीटरचा तुकडा. पारोळा, एरंडोल, पाळधी आणि मग गिरणा ओलांडली की जळगाव. बहुतेक प्रवासी तो झोपेत काढतात, कारण त्यांचं लक्ष अजिंठ्यावर असतं. हा रस्ता डिसेंबरात, दिवस कलायला लागल्यावर, काचा खाली करून करायला हवा. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि शेवटच्या वेचणीला आलेली कपाशी दिसते. काही शेतांत बोंडांतून राहिलेला कापूस पांढरा चमकत असतो. काही शेतांत झाडं उपटून काड्यांचे भारे बांधाला लावून ठेवलेले असतात. ऊन उतरलं की कुठे ना कुठे त्या काड्या पेटतात आणि त्यांचा कोरडा, हलका, किंचित गोडसर धूर रस्त्यावर येतो. खानदेशात थंडी आल्याची खरी वर्दी हाच धूर देतो.

आम्ही दोघं, नवरा आणि मी, सकाळी धुळ्यात होतो. पांझरेकाठचं हे शहर पाहायला लोक मुद्दाम येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे इथेच 1926च्या अखेरच्या दिवशी गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद तिथे आहेत. याच शहराच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक मराठी घरांत आलं ते या तुरुंगातून. मंडळातून बाहेर पडलो तेव्हा दुपार झाली होती. एका साध्या खानावळीत शेवभाजी खाल्ली. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला यांचा दाट रस्सा, वर तेलाचा लाल तवंग, आणि ताटात आल्यावर त्यात सोडायची जाड, तिखट शेव. ती मऊ पडायच्या आत खायची असते. वाढणाऱ्या दादांनी तसं बजावलंही. आम्ही कुठे निघालोय हे ऐकल्यावर ते म्हणाले, “जळगावले चालनात ना? मंग भरीत खाईसनच जा.”

पारोळ्याला भुईकोट किल्ला बाजाराला खेटून उभा आहे. त्याची तटबंदी बाहेरूनच पाहिली. एरंडोलहून मात्र आडवाट धरून पद्मालयाला गेलो. तळ्याकाठचं हे गणपतीचं देऊळ मला फार आवडलं. गाभाऱ्यात दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत, एक डाव्या सोंडेची, एक उजव्या सोंडेची. तळ्यात कमळं, आजूबाजूला झाडी आणि वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नाही. तिथे आम्ही ठरल्यापेक्षा जास्त रेंगाळलो आणि त्या रेंगाळण्यामुळेच पुढची संध्याकाळ आम्हाला मिळाली.

बेत साधा होता. जळगावातून रात्री उशिराची गाडी होती. त्याआधी शहरातल्या एखाद्या हॉटेलात जेवायचं आणि स्टेशन गाठायचं. आमच्या लग्नाचा वाढदिवस त्याच आठवड्यात येत होता. पुण्यात असतो तर त्या दिवशी आम्ही नेहमीसारखे एखाद्या ‘मेडिटरेनियन’ रेस्टॉरंटमध्ये गेलो असतो. निळ्या-पांढऱ्या भिंती, टेबलावर मेणबत्ती, हमस, पिटा आणि नवऱ्याला सगळ्यात प्रिय असलेलं बाबा गनूश, म्हणजे विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा गर, त्यात तिळाचं वाटण, लिंबू, लसूण आणि वरून ऑलिव्हचं तेल. तो म्हणाला, निदान इथली वांगी घेऊन जाऊ, घरी भाजू. म्हणून जळगावात शिरल्यावर आम्ही हॉटेलऐवजी आसोद्याचा रस्ता धरला.

आसोदा जळगावपासून अगदी जवळ आहे. 1880 साली बहिणाबाई चौधरी या गावात जन्मल्या. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात गेल्या आणि आज त्या वाड्यात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्यांना सुचलेल्या ओव्या मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि आप्तांनी टिपून ठेवल्या. 1951च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तो संग्रह निघाला. मराठीत शेताची, मोटेची, चुलीची इतकी जवळची कविता दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या गावच्या मातीत उभं राहून त्या ओळी आठवल्या की त्या पाठ्यपुस्तकातल्या राहत नाहीत.

आसोदा, भालोद आणि यावल तालुक्यातलं बामणोद ही गावं भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेली. हे वांगं आपल्या बाजारातल्या जांभळ्या, चकचकीत वांग्यासारखं नसतं. ते फिकट हिरवं, पांढुरक्या रेघांचं, लांबट आणि चांगलं मोठं असतं. दोन्ही हातांत धरावं लागतं. साल पातळ, बी कमी, गर लोण्यासारखा. भाजल्यावर याला पाणी सुटत नाही आणि फोडणीतलं तेल ते पिऊन टाकत नाही. जळगावच्या या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. केळीचं नाव सगळीकडे झालं, वांग्याचं नाव मात्र अजून खानदेशी माणसांतच जास्त फिरतं.

गावाबाहेर रस्त्याकडेला एका शेतात तोडणी संपवून क्रेट भरत होते. आम्ही थांबलो. वांगी निवडणाऱ्या मावशींनी आम्हाला दोन-तीन किलो काढून दिली, देठ पाहून घ्यायला सांगितलं. देठ हिरवा आणि काटेरी असला की वांगं ताजं. मग त्यांनी विचारलं, गाडी किती वाजता? अजून बराच वेळ आहे म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मंग वांगे काय घेऊन जाता? इथीच भाजू. जेवल्याबिगर कसे जासान?” त्यांचे यजमान तोपर्यंत बांधाकडे काड्या आणायला निघालेही होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नको म्हणायला शहरी तोंडात असतात ते सगळे शब्द माझ्याही तोंडात होते, पण ते बोलून दाखवायला मन होईना.

खानदेशात याला भरीत पार्टी म्हणतात. थंडीत ती मळ्यामळ्यांत होते. कधी घरच्यांपुरती, कधी शंभर-दोनशे माणसांची. लग्न ठरलं, पाहुणे आले, कापूस विकला, काहीही निमित्त चालतं. आमचं निमित्त आमची उशिराची गाडी होती.

आधी वांग्यांना बारीक काडीने टोचे मारले, नाहीतर ती जाळात फुटतात. मोकळ्या जमिनीवर काड्यांचा थर पसरला, त्यावर वांगी ओळीने मांडली, वरून पुन्हा काड्या टाकल्या आणि पेटवून दिलं. कपाशीची काडी वाळली की झरझर जळते. जाळ मोठा होतो, पण त्याचे निखारे फार वेळ टिकत नाहीत. वांग्याला नेमकं हेच हवं असतं. साल पटकन करपून काळी होते आणि त्या सालीच्या आत गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो. साल जळताना काड्यांचा धूर गरात उतरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा वास येत नाही. तिथे साल भाजते, पण लाकडाचा धूर कुठून येणार? कोळशावर भाजलं तर सगळं फार सावकाश होतं आणि गर कोरडा पडतो. मावशींचे यजमान, काका, लांब काठीने वांगी फिरवत होते आणि मध्येच एखादं दाबून पाहत होते. देठाजवळचा भाग मऊ लागला की वांगं झालं. देठाकडचा गर सगळ्यात शेवटी शिजतो आणि घाई करणारे तिथेच फसतात, असं त्यांनी सांगितलं.

तोपर्यंत काळोख झाला होता. दिवा म्हणजे तो जाळ आणि विहिरीवरचा एक बल्ब. केळीच्या बागेकडून गार वारा यायला लागला. नवऱ्याने माझ्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली आणि तो जाळापाशी जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एकत्र विस्तवाकडे बघत बसलोय असं कधी झालं नव्हतं. मेणबत्तीच्या उजेडात आपण एकमेकांकडे बघावं अशी रेस्टॉरंटची अपेक्षा असते. इथे आम्ही दोघं एकाच वांग्याकडे बघत होतो आणि त्यावर मनापासून बोलत होतो. मला ते जास्त जवळचं वाटलं.

वांगी बाहेर काढून जरा निवू दिली आणि मग मावशी सोलायला बसल्या. हात पाण्यात बुडवायचा आणि साल ओढायची. वांगं मात्र पाण्याखाली धरायचं नाही, धूर धुऊन जातो. मीही सोलायला बसले. बोटं भाजली, पण साल इतकी अलगद येत होती की थांबवेना. सोललेला गर लाकडाच्या खोलगट भांड्यात टाकून काकांनी तो लाकडी मुसळाने ठेचला. मिक्सरला इथे काम नाही, कारण त्यात गराची लापशी होते. ठेचलेल्या भरितात दोरे दिसले पाहिजेत. त्यातच त्याच जाळावर भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून घातला. मग लोखंडी कढईत तेल, त्यात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, भरपूर चिरलेली कांद्याची पात, आणि वरून हे भरीत. मीठ, कोथिंबीर, झालं. हळद नाही, मसाला नाही, टोमॅटो नाही. थोडं भरीत त्यांनी फोडणीशिवाय बाजूला ठेवलं होतं. कच्चं भरीत म्हणतात त्याला. नुसती पात, मीठ आणि वर कच्चं तेल. तो पहिला घास घेतल्यावर नवरा काही बोलेना, आणि थोड्या वेळाने म्हणाला, “हे तर तेच आहे. आणि त्याहून चांगलं आहे.”

तो बरोबर बोलला, आणि त्याला कारणही आहे. वांगं मूळचं आपल्याकडचं, भारत आणि त्याच्या पूर्वेकडचं. तिथून ते इराणात गेलं आणि अरबांनी ते भूमध्य समुद्राच्या काठाने थेट स्पेनपर्यंत नेलं. बगदादचा खलिफा अल-मामून याने 825 साली बुरान हिच्याशी लग्न केलं. त्या लग्नाचा थाट अरबी इतिहासात गाजलेला आहे. वांग्याच्या पदार्थांच्या एका सबंध कुळाला त्या नवरीचं नाव मिळालं, ते तेराव्या शतकातल्या बगदादच्या पाककृतींच्या पुस्तकातही आहे. स्पेनमधल्या अल्बोरोनियाचं मूळ तिच्याच नावात आहे. कॅटलोनियात वांगी आणि ढोबळी मिरची विस्तवावर भाजून, सोलून, तेल घालून खातात, ती एस्कालिवादा. ग्रीसमध्ये भाजलेल्या गराची मेलित्झानोसालाता, लेबनॉन आणि सीरियात मुतब्बल आणि बाबा गनूश. या भाजलेल्या पदार्थांची पहिली पायरी एकच, वांगं आख्खं विस्तवात घालायचं. त्यानंतर जो तो आपल्या शेतातलं घालतो. तिथे ऑलिव्हचं तेल, इथे शेंगदाण्याचं. तिथे लिंबू, इथे कांद्याची पात. तिथे वाटलेले तीळ पडतात आणि तीळही पहिल्यांदा पिकवले ते आपल्याच उपखंडात. उलट खानदेशी भरितातली मिरची आणि शेंगदाणा हे दोन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या जहाजांच्या काळात आलेले. म्हणजे आसोद्याच्या आजच्या भरितात अमेरिकेतल्या दोन वस्तू आहेत आणि बैरूतच्या बाबा गनूशमध्ये आपल्या दोन. आम्हाला पुण्यात परदेशी म्हणून जे आवडत होतं, त्याचं आजोळ जळगावच्या आसपासच कुठेतरी असावं, या विचाराने मला फार आनंद झाला.

पानं मांडली ती केळीची, समोरच्या बागेतून कापून आणलेली. भरितासोबत कळण्याच्या पुऱ्या होत्या. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळून, मीठ घालून केलेलं पीठ. त्याची भाकरी खानदेशात रोजची, आणि भरिताच्या दिवशी पुरी. उडदामुळे पुरी खमंग होते आणि ज्वारीमुळे जड होत नाही. सोबत मुळा, कांदा, तळलेल्या मिरच्या आणि ताक. चमचा कुणीच मागितला नाही. मावशी वाढत होत्या आणि नको म्हटलं की पानात आणखी पडत होतं. खाताना काका कापसाच्या भावाबद्दल बोलत होते, मावशी मुलीच्या शिक्षणाबद्दल. मुलगी जळगावला विद्यापीठात शिकत होती, त्याच विद्यापीठात ज्याला आता बहिणाबाईंचं नाव आहे. हे सांगताना त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो मला फार भावला.

2010 साली युनेस्कोने भूमध्यसागरी आहारपद्धतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को यांनी मिळून तो प्रस्ताव मांडला होता. त्यात पाककृतींपेक्षा भर आहे तो शेतीच्या ऋतूंवर, पिकं काढण्याच्या रीतींवर, पाहुणचारावर आणि पंगतीला एकत्र बसण्यावर. ते वर्णन मी आधी वाचलं होतं. त्या रात्री त्यातली प्रत्येक गोष्ट आसोद्याच्या एका बांधावर माझ्यासमोर होती. खानदेशच्या भरीत पार्टीबद्दलही असंच कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं, कारण ती फक्त एक पाककृती राहिली तर तिचं अर्धं अंग जाईल.

तिचं उरलेलं अंग शेतात आहे. वांग्याचं रोप पावसाळ्याच्या तोंडाशी टाकतात, मग लावणी होते, आणि थंडी सुरू होता होता फळ भरायला लागतं. त्याच वेळी कपाशी वेचून संपत येते आणि तिच्या काड्या वाळतात. कांद्याची पात कोवळी असते. नवी ज्वारी अजून शेतात असते, पण घरात मागच्या वर्षीची असते आणि उडीद नुकतेच निघालेले असतात. चातुर्मासात कित्येक घरांत वांगं वर्ज्य असतं आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा ताटात येतं. ती चंपाषष्ठी मार्गशीर्षात, नेमकी याच दिवसांत. दोन अनोळखी माणसांना तासाभरात जेवू घालणं त्या घराला जमलं, कारण सहा महिन्यांची मेहनत तिथे आधीच तयार उभी होती. आम्हाला जे अवचित वाटलं ते त्यांनी जूनपासून पिकवलेलं होतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. भरिताचा खरा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये ऊन वाढलं की वांग्यात बी धरतं आणि चव उतरते. कुणाच्या शेतात ओळख नसेल तरी अडत नाही. थंडीत जळगाव शहरात ठिकठिकाणी भरीत विकणारी केंद्रं लागतात, तिथे काड्यांवर भाजलेलं भरीत किलोवर मिळतं आणि सोबत पुऱ्याही. सकाळी सांगून ठेवलं तर संध्याकाळी ताजं मिळतं. घरी न्यायचं असेल तर कच्चं भरीत न्यावं आणि फोडणी घरी द्यावी. जळगाव मुंबई–भुसावळ लोहमार्गावर आहे आणि सुरतेकडून अमळनेरमार्गे येणारी गाडीही इथेच येते. अजिंठ्याची लेणी इथून साठेक किलोमीटर. बहुतेक पर्यटक जळगावात फक्त झोपण्यापुरते थांबतात. त्यांनी एक संध्याकाळ जेवणासाठी ठेवावी. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ आणि चौधरी वाडा दुपारी होतात. धुळ्याला जमेल तर राजवाडे मंडळ चुकवू नये.

निघताना मी मावशींच्या हातात पैसे द्यायला गेले. त्यांनी आधी काट्यावर मोजलेल्या वांग्यांचा हिशेब केला, बाजारात त्या दिवशी निघालेला भाव सांगितला आणि तेवढेच पैसे मोजून घेतले. भाजून खाल्लेली वांगी त्यांनी त्यात धरली नव्हती. मी तसं म्हटल्यावर काका म्हणाले की ती वजनाच्या आधीच काढली होती, ती घरची. मग मावशींनी उरलेलं कच्चं भरीत एका डब्यात भरून दिलं, वर केळीचं पान झाकलं, आणि डबा पुढच्या डिसेंबरात परत आणायला सांगितला.